सत्ताविसावा वेढा

रोहित्रात दोन गुंडाळ्या असतात आणि त्या एकमेकींना कधीही शिवत नाहीत, हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच सकाळी सांगत असे. एकीत वीज सोडली की मधला पोलादी गाभा जागा होतो आणि दुसरीत वीज आपोआप उमटते. दोघींच्या मध्ये कागद, पुठ्ठा आणि तेल. तांब्याला तांबं कुठेही टेकत नाही. एखादी चौकस मुलगी विचारी, "मग पलीकडे जातं तरी काय?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. "ते हॅरोपसाहेबांना विचार. आपण वेढे मोजायचे."

कारण सगळा कारभार वेढ्यांवर चालतो. उच्चदाबाच्या गुंडाळीत बारीक तारेचे हजारो वेढे, लघुदाबाच्या गुंडाळीत जाड पट्टीचे मोजके. वेढे ज्या प्रमाणात कमी, दाब त्या प्रमाणात कमी. खांबावरून येणारी मरणाची वीज घरातल्या दिव्यापुरती सौम्य होते ती एवढ्याच हिशेबाने. एक वेढा अधिक पडला तर गावभरचे दिवे जळतील, एक कमी पडला तर मिणमिणतील. गुंडाळीखान्याची मुख्य म्हणून मी ज्या काळात उभी होते, त्या काळात आमच्याकडून बाहेर पडलेल्या एकाही रोहित्राचा वेढा चुकला नाही. हे मी अभिमानाने सांगते आणि ज्याला हे गर्वाचं वाटेल त्याने खुशाल तसं समजावं.

हॅरोपसाहेबांचा कारखाना शहराच्या फुट्सक्रे भागात, नदीच्या अंगाला, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत होता. उत्तरेचं गरम वारं सुटलं की पत्र्याचं छप्पर तापून कुरकुरू लागे, कातड्यांचा उग्र दर्प आत शिरे आणि आमच्या वॉर्निशच्या, भट्टीत सुकणाऱ्या कागदाच्या वासात मिसळून जाई. आम्ही बहुतेक जणी बेटांवरून जहाजाने आलेल्या ग्रीक बायका, शिवाय माल्टाची चेत्ता, जिची जीभ तिच्या हातापेक्षा जलद चाले. साहेब मला "मिसेस पॉली" म्हणत. त्यांच्याकडे हे नाव पोपटाला ठेवतात, असं मला कळल्या दिवसापासून मी त्या हाकेला ओ देणं बंद केलं होतं. बायका मला किरीया पोलिक्सेनी म्हणत, किरीया म्हणजे बाईसाहेब. घरोब्यातल्या मुली थिया म्हणत, म्हणजे मावशी. चेत्ता मात्र "सरकार" म्हणे, आणि त्यात आदर किती नि टवाळी किती, हे तिलाच ठाऊक.

लघुदाबाची जाड पट्टी वळवणं हे आमच्यातलं सगळ्यात अंगमेहनतीचं काम. ते स्तामातिया करी. ती माझ्याच बेटाची, माझ्याच जहाजातून आलेली. भांडखोर होती, पण हातातलं काम अर्धं टाकणं तिला जमत नसे. जेवणाचा भोंगा झाला तरी वेढा पुरा केल्याखेरीज ती हातोडी खाली ठेवत नसे आणि जेवताना वळून वळून, पट्टी ज्यावर वळवायची त्या सांगाड्याकडे पाहत असे. एका फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, असह्य उकाड्याच्या सकाळी, ती कॉफीचा पेला हातात घेऊन बाकावर बसली आणि परत उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. सांगाड्यावर तिची गुंडाळी अर्ध्याहून अधिक झालेली होती.

आमच्या खोलीचा एक नियम होता. एका हाताने धरलेली गुंडाळी दुसऱ्या हाताने पुरी करायची नाही. हाताहाताचा ताण वेगळा असतो, त्यामुळे वेढे सैल-घट्ट बसतात. बाई आजारी पडली तर गुंडाळी उसवायची आणि नव्या पट्टीने पहिल्यापासून सुरू करायची. म्हणून दफनानंतर चेत्ता कात्री घेऊन उभी राहिली, तेव्हा तिचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याच वेळी फोतिनी आत आली. ती स्तामातियाची सून, आमच्याच खोलीत काम करणारी. नखशिखान्त काळ्या कपड्यांत होती आणि हातात उकडलेल्या गव्हाचं, साखर पेरलेलं मृताच्या नावाचं ताट होतं. नवऱ्याची पाठ गोदीत मोडलेली, पदरात दोन लहान मुलं. घर चालत होतं ते या सासू-सुनांच्या पगारावर.

"थिया," ती म्हणाली, "आईंचं काम मी पुरं करते. उसवू नका."

आमच्या बेटावर बाई गेली आणि मागावर कापड राहिलं, तर ते सुनेने पुरं करायचं असतं. ते कापायचं नाही आणि उसवायचं तर मुळीच नाही. हे फोतिनीला माहीत होतं आणि मलाही.

चेत्ताने कात्री वाजवली. "सरकार, नियम तुमचाच ना? मी गेल्या साली दोन दिवस तापाने पडले तर माझी अख्खी गुंडाळी उसवलीत."

"नियम माझा आहे. अपवादही माझाच."

"वा! आमच्या गावचा पाद्री अगदी असंच बोलतो. मागून चर्चची कोंबडी खातो." तिने ताटातले गहू मूठभर तोंडात टाकले. "साखर कमी पडली गं, फोतिनी. सासूबाईंनी ऐकवलं असतं."

फोतिनी रडता रडता हसली आणि सांगाड्याशी बसली. मी परवानगी दिली होती. आज कोणी विचारलं तरी देईन.

दोन दिवसांनी गाभ्याच्या खांबावर दोन्ही गुंडाळ्या चढवल्या आणि चाचणी झाली. साहेबांची चाचणीची रीत सोपी होती. उच्चदाबाच्या बाजूने ते वीज अशी बेताने सोडत की दुसऱ्या बाजूला वेढ्यामागे बरोबर एक व्होल्ट यावा. मापकाचा काटा दाखवील तितके वेढे. त्या रोहित्राला लघुदाबाचे सव्वीस वेढे हवे होते.

काटा सत्तावीसवर थांबला.

"मिसेस पॉली," साहेब म्हणाले, "पोरगी मोजायला चुकली."

मी ओ दिली नाही. उच्चदाबाची गुंडाळी उचलून घेतली, आतल्या लघुदाबाच्या प्रत्येक पट्टीवर खडूने खूण केली आणि साहेबांना मोजायला लावलं. सव्वीस. त्यांनी मापक बदलला. सत्तावीस. त्यांनी वीज बंद केली, पुन्हा सोडली, मापकाला टिचकी मारली. सत्तावीस.

मग मी नियमाप्रमाणे वागले. गुंडाळी उसवली, जुनं तांबं भंगारात टाकलं, नवी पट्टी आणली. फोतिनीने वेढे घातले. मी शेजारी उभी राहून मोठ्याने मोजले. सगळी खोली हातातली कामं थांबवून ऐकत होती. सव्वीस झाले आणि मी "पुरे" म्हणाले.

सत्तावीस.

त्या दुपारी सगळ्या जणी माना खाली घालून आपापल्या सांगाड्याशी बसल्या. चेत्ताने एकदाच तोंड उघडलं. "म्हातारी जिवंत होती तेव्हाही मेली हातातलं काम कुणाला देत नव्हती." कुणी हसलं नाही, तशी तिनेच छातीवर क्रूस काढला.

ते रोहित्र दूर मॅली प्रदेशातल्या एका गव्हाच्या गावाला जायचं होतं. कापणी उरकलेली होती, कोठारांत धान्य चढवणारे पट्टे विजेवाचून बंद पडले होते. साहेब घाबरले आणि त्यांनी वीज मंडळाच्या तपासनिसाला स्वतःहून बोलावलं. ट्रॅंटर त्याचं नाव. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे, खिशात तीन पेनं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोतिनीकडे न पाहता निकाल दिला.

"बाईचं मन थाऱ्यावर नाही. घरात मृत्यू झालाय, हात चुकणारच. तिला कमी करा, म्हणजे पुढचा माल उचलतो. नाहीतर तुमच्या कारखान्याचा माल घेणं आम्हाला बंद करावं लागेल. आणि दुसऱ्या कारखान्यांनाही तिचं नाव कळवावं लागेल. हा लोकांच्या घरातल्या विजेचा प्रश्न आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फोतिनीने पट्टीवरचा हात काढला नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही सांगाड्यावर तिला कुणी बसू देणार नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला समजलं होतं.

"तुमचं नाव काय म्हणालात?" मी विचारलं.

"ट्रॅंटर."

"माझं किरीया पोलिक्सेनी. कोट काढा, मिस्टर ट्रॅंटर. बाई चुकली म्हणता ना? मग ती चुकताना तुम्ही समोर उभे राहायचं."

"मला तीन वाजता..."

"कोट तिथे खुंटीवर."

त्याने कोट काढला. माणसाला काय करायचं ते स्वच्छ शब्दांत सांगितलं तर तो बहुधा करतो.

पुन्हा उसवलं. पुन्हा नवी पट्टी. या वेळी मोजणी त्याची होती. प्रत्येक वेढ्याला त्याने आपल्या हाताने खडूची रेघ मारली. फोतिनी हातोडीने पट्टी बसवत होती, कपाळावरचा घाम खांद्याला पुसत होती. सव्वीस रेघा झाल्यावर त्याने स्वतः टोक कापलं. गुंडाळ्या चढवल्या. त्याने स्वतःच्या पेटीतला मापक काढला, चामड्याच्या आवरणातला, मंडळाची मोहर असलेला.

काटा सत्तावीसवर गेला. त्याने रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बाईला बाहेर पाठवा," तो म्हणाला.

फोतिनी अंगणात जाऊन उभी राहिली. काटा हलला नाही. त्याने सगळ्यांनाच बाहेर काढलं. साहेब, चेत्ता, साऱ्या बायका. मी गेले नाही आणि मला जा म्हणण्याचं त्याला धाडस झालं नाही.

काटा तिथेच.

मग त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. वीज बंद करून फोतिनीची सबंध गुंडाळी उतरवून बाजूला ठेवली. आता खांबावर फक्त उच्चदाबाची बारीक तार राहिली. पेटीतून त्याने स्वतःच्या तारेचा तुकडा घेतला, गाभ्याभोवती एकच फेरी दिली आणि टोकं मापकाला जोडली. एक फेरी, एक व्होल्ट. यात चुकायला जागाच नव्हती.

वीज सोडली. गाभा गुणगुणू लागला.

काटा दोनवर आला.

बाहेर गल्लीतून कातड्यांनी भरलेला ट्रक गेला. खिडकीची तावदानं थरथरली आणि शांत झाली.

"तुम्ही काही केलंत?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"माझे हात पाहा." ते मी छातीशी बांधलेले होते.

त्याने तार सोडवली आणि जमिनीवर टाकली. आता गाभ्याभोवती त्याचं काहीच नव्हतं. मापकाच्या दोन मोकळ्या वायरी टेबलावर, गाभ्यापासून वीतभर दूर, एकमेकींना न शिवता पडल्या होत्या.

काटा शून्यावर उतरला नाही.

एक.

मी पुढे होऊन वाकले. गाभ्याच्या खांबाला हात लावला नाही, नुसता जवळ नेला. खांबाभोवतीची हवा उष्ण होती, आणि ती स्थिर नव्हती. काहीतरी फिरत असल्यासारखी ती बोटांवरून एकाच दिशेने जात होती. जाई, पलीकडे नाहीशी होई आणि पुन्हा येई. अगदी सावकाश, दमलेलं माणूस काम करतं तशी.

ट्रॅंटर दोन पावलं मागे सरला होता.

"हे मला वरच्या लोकांना कळवावं लागेल," तो म्हणाला.

"काय कळवाल?"

त्याने मापकाचं चामड्याचं आवरण उचललं आणि परत खाली ठेवलं.

"तुमच्या एका फेरीचे दोन व्होल्ट झाले, हे कळवाल? की मोकळ्या वायरींवर एक व्होल्ट आला, हे? मंडळाच्या मोहरेच्या मापकावर? कळवा. मी साक्षीला येते, चांगले कपडे घालून."

"किरीया..." हे त्याचं पहिलंच 'किरीया' होतं. "हे रोहित्र गावात जाऊ शकत नाही. वेढे चुकलेत."

"वेढे तुम्ही मोजलेत."

"दाब चुकलाय."

"मंडळ काय विकत घेतं, मिस्टर ट्रॅंटर, तांबं की दाब?"

"दाब."

"मग दाब बघा."

मी दार उघडून बायकांना आत बोलावलं. फोतिनीला सांगितलं, "एक वेढा काढ."

ती घाबरली. "थिया, पंचवीसच राहतील."

"मला मोजता येतं. काढ आणि मोकळ्या जागेत पुठ्ठा बसव."

चेत्ता पुटपुटली, "काढा बाई. सव्विसावी हजर आहेच." कुणीतरी तिला कोपर मारलं.

फोतिनीने वेढा काढला. रिकाम्या राहिलेल्या जागेत पुठ्ठ्याची पट्टी घातली, फीत बांधली, गुंडाळ्या पुन्हा चढवल्या. साहेबांनी वीज सोडली.

सव्वीस. काटा रेघेवर असा उभा होता, जणू कधी हललाच नव्हता.

त्यानंतर भार जोडून रोहित्र संध्याकाळपर्यंत चालवलं. दाब ढळला नाही. ट्रॅंटरचं तीन वाजताचं काम बुडालं, तरी तो उठला नाही. शेवटी त्याने मंजुरीचा कागद पुढे ओढला. "वेढ्यांच्या रकान्यात काय लिहू?"

"तुम्ही अगोदर मोजले होते तेच."

"आणि बाईचं?"

"बाईचं काय? बाईचा हात बरोबर आहे. तुमच्याच मापकाने तसं म्हटलंय."

त्याने सही केली. कोट घालताना त्याने फोतिनीकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं आणि टोपीला हात लावला. दारात तो क्षणभर थांबला. मला वाटतं, त्याला काही विचारायचं होतं. पण मी तोवर दुसऱ्या सांगाड्याकडे वळले होते.

रोहित्र मॅलीला गेलं. तिथून कधी तक्रार आली नाही. फोतिनी सासूच्या जागेवर बसली आणि त्यानंतर तिने हाती घेतलेल्या प्रत्येक लघुदाबाच्या गुंडाळीत एक वेढा कमी घालायचा, अशी आमच्या खोलीची रीत झाली. रोहित्राच्या नकाशावर सव्वीस वेढे असले तर ती पंचवीस घाली, चोवीस असले तर तेवीस. चाचणीत आकडा नेहमी नकाशाचाच येई. साहेबांनी कारण विचारणं सोडून दिलं होतं. कुणा शेजारणीने पाद्रीबाबांना बोलावून खोलीत पाणी शिंपडायचं सुचवलं, तेव्हा मी तिला सांगितलं की कागद ओला झाला तर गुंडाळी जळते. शिवाय, जी बाई बिनपगारी काम करते आणि कुणाच्या घासाच्या आड येत नाही, तिला हाकलण्याचं मला काही कारण दिसत नव्हतं. तिच्या सुनेचं घर चालू होतं. नातवंडं शाळेत जात होती. कुणाला यात भिण्यासारखं वाटत असेल तर भ्यावं. मी भ्याले नाही.

काही वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात चेत्ता कामावरून थेट इस्पितळात गेली. पित्ताचा खडा, साधी शस्त्रक्रिया, आठवड्यात घरी येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर तीही जाड पट्टीवर बसू लागली होती आणि तिची गुंडाळी सांगाड्यावर अर्धी राहिली होती. मी कात्री मागवणार, तेवढ्यात तिच्या मुलीकरवी निरोप आला. "सरकारला सांग, या वेळी माझी गुंडाळी उसवलीत तर बघा. फोतिनीला पुरी करू दे. तिच्या सासूला एक न्याय आणि मला दुसरा?"

मला हसू आलं. न्याय तिच्या बाजूने होता. मी फोतिनीला ती गुंडाळी दिली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चेत्ताच्या शस्त्रक्रियेच्याच दिवशी, दुपारी ती गुंडाळी पुरी झाली. नकाशात सव्वीस होते. फोतिनीने सवयीप्रमाणे पंचवीसवर थांबून टोक कापलं. गुंडाळ्या चढल्या. साहेब जेवायला घरी गेले होते, म्हणून वीज मीच सोडली.

काटा सव्वीसवर आला. तिथे थबकला. मग सावकाश पुढे सरकला.

सत्तावीस.

फोतिनीने माझ्याकडे पाहिलं. "थिया, मी पंचवीसच घातलेत. देवाशपथ."

"मला ठाऊक आहे."

बायकांनी हातातली कामं थांबवली. त्याच वेळी काचेपलीकडच्या कचेरीत टेलिफोन वाजू लागला. दाराजवळची मुलगी अर्धवट उठली आणि माझ्याकडे पाहून तशीच उभी राहिली.

"वाजू दे," मी म्हणाले. "फोतिनी, अजून एक वेढा काढ."